विकत घेतलेलं गाणं नक्की कुणाच्या मालकीचं?

गावभागकर (सांगली)

ॲपमध्ये डाउनलोडचा बाण दाबला की गाणं आपलं झालं, हा समज मला पटत नाही. म्हणूनच घरातल्या रेकॉर्ड, कॅसेट आणि सीडी काढून टाकायला माझा ठाम विरोध आहे. धाकट्या भावाचं म्हणणं, "सगळं मोबाइलवर मिळतं, जागा कशाला अडवायची?" त्याला तोंडी सांगून झालं, आता इथे लिहितो. ज्यांना विरोध करायचाय त्यांनी खुशाल करावा.

ॲपमध्ये पैसे भरून उतरवलेलं गाणं वर्गणी संपली की नुसतं नावाला उरतं, दाबलं तर वाजत नाही. 2024 मध्ये एअरटेलनं विंक हे आपलं गाण्यांचं ॲप बंद केलं. त्याआधी 2023 मध्ये स्पॉटिफाय हे ॲप आणि झी म्युझिक ही गाण्यांची कंपनी यांचं करारावरून फिस्कटलं आणि लोकांनी हौसेनं लावलेल्या याद्यांना भोकं पडली. यात कुणी फसवलं असंही म्हणता येत नाही, अटींमध्ये तसं लिहिलेलंच असतं. आपण घेतो ती फक्त ऐकण्याची परवानगी. उलट माझ्याकडच्या एलपीवर, म्हणजे मोठ्या व्हिनाइल रेकॉर्डवर, कुत्र्याचं चित्र आहे, ती एचएमव्ही कंपनी आता सारेगामा नावानं चालते, एलपीला त्याचा पत्ताही नाही. ती उद्या मी मित्राला देईन, विकेन, मुलीला ठेवेन. वर्गणीतलं डाउनलोड वारसाला मिळाल्याचं कुणी ऐकलंय का?

आणि कव्हर! एलपीच्या पाठीवर राग, ताल, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, सगळं छापलेलं. ॲपमध्ये गायकाचं नाव नीट आलं तरी नशीब. साथीदार 'व्हेरियस आर्टिस्ट्स'मध्ये विरघळलेले.

पलूसचा पेनड्राइव्ह

सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात राहून हे लिहिताय, कमाल आहे! ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45. त्याआधी 2005चा पूर, त्यानंतर 2021चा. तुमच्या कव्हरवरचा तबलजी पुरात सगळ्यात आधी वाहून जातो, त्यामागून हार्मोनियमवाला.

दुसरं म्हणजे तुम्ही गल्लत करताय. ॲपमधलं डाउनलोड म्हणजे भाड्याची खोली, हे मान्य. मी डाउनलोड म्हणतो ते फाईलला. विकत घेतलेली, कुलूप नसलेली, माझ्या हार्ड डिस्कवरची. ॲपलनं आयट्यून्स या आपल्या दुकानातल्या गाण्यांचं कुलूप 2009 मध्येच काढलं. तशी फाईल दुकान बुडालं तरी वाजते. माझी एक प्रत घरात, एक विट्याला बहिणीकडे, एक क्लाउडवर. तुम्ही तुमच्या एलपीची दुसरी प्रत काढून दाखवा.

गावभागकर

पूर अंगावर घेतलेत म्हणूनच सांगतो. व्हिनाइलला पाणी काही करत नाही, करतो तो गाळ. तो वाळायच्या आत रेकॉर्ड धुवायची. शक्यतो डिस्टिल्ड पाणी, त्यात साबणाचा एखादाच थेंब, मऊ फडकं, आणि पुसायचं ते खाचांच्या दिशेनं, गोल गोल. आडवं पुसलं की गाळातली वाळू खाचा कापते. मग सावलीत उभी करून वाळवायची. उन्हात ठेवली तर पापडासारखी वाकते. कव्हर गेलं, लेबल फिकटलं, पण गाणं शाबूत. शेजाऱ्यांची हार्ड डिस्क त्याच पाण्यात बुडाली होती. डेटा काढायला पुण्याला पाठवली, तिकडून परत आला तो फक्त खर्चाचा आकडा.

पलूसचा पेनड्राइव्ह

शेजाऱ्यांकडे एकच प्रत होती, हा त्यांचा दोष. एलपी धुऊन वाजते म्हणता, सोडून दिलं. कॅसेटला बुरशी धरली की काय धुणार? आणि 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या. त्यांना पूर लागत नाही, हातातून निसटल्या तरी पुरे.

तंबोरा_मिरज

मिरजेच्या एवढ्या जवळ बसून वाद घालताय आणि किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांचं नाव अजून निघालं नाही? त्यांच्या तबकड्यांवरून एक गोष्ट सांगतो, ती दोन्ही बाजूंना अडचणीची आहे.

खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झालं आणि पुन्हा 1930च्या दशकात, 1937 साली ते गेले त्याच्या आधीच्या काही वर्षांत. मधल्या काळात, 1925च्या सुमारास, कर्ण्यात तोंड घालून गायची पद्धत जाऊन मायक्रोफोन आला. जुन्या सगळ्याच तबकड्यांना आपण सरसकट '78च्या' म्हणतो. प्रत्यक्षात सुरुवातीला यंत्र मिनिटाला नेमके 78च फेरे घेईल याची खात्री नव्हती, काही मुद्रणं त्याहून बरीच हळू झालेली आहेत. समजा तबकडी 73-74 फेऱ्यांवर मुद्रित झाली आणि तुम्ही 78वर लावलीत. स्वर अर्ध्या पट्टीनं चढला. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. शिवाय लय वाढते, ताना भलत्याच वेगानं सुटतात, आणि आपण म्हणतो, "काय तयारी होती!"

नेटवर फिरणाऱ्या कितीतरी फायलींमध्ये हेच झालंय. कुणीतरी वेग न तपासता एकदा उतरवलं, पुढच्यांनी त्याचीच नक्कल केली. वर खरखर काढायचं सॉफ्टवेअर फिरवलं. खरखरीबरोबर आवाजाची वरची धार गेली, सारंगीचा गज घासतो तो बारीक आवाज गेला. इथे मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या, म्हणजे तारेचा झंकार जुळवणाऱ्या कारागिरांना असलं काही ऐकवून बघा, चेहऱ्यावरून कळेल.

तेव्हा तबकडी हवीच. रोज वाजवायला नव्हे, ताडून बघायला.

पलूसचा पेनड्राइव्ह

ताडून बघायलाही फाईलच बरी की! ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये वेग पाहिजे तेवढा खाली-वर करा, मूळ फाईलला धक्का लागत नाही. तबकडी मात्र प्रत्येक वेळी सुईखाली झिजते. जुन्या ग्रामोफोनला पोलादी पिन लावायचे, ती दर बाजूला बदलायची. न बदलता तशीच फिरवणारे हौशी आजोबा घरोघरी होते. त्या तबकड्यांत आता ताडण्यासारखं काय उरलंय?

आणि 'रेकॉर्डचा आवाज गोड' हे ऐकून कान किटले. एलपीची सुई मध्याकडे सरकते तशी एका फेऱ्यात मिळणारी खाच आखूड होते, आवाज फाटायला लागतो. शेवटची चीज म्हणूनच चिरकी लागते. सीडीवर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, पहिल्या गाण्यालाही तेवढेच आणि शेवटच्यालाही. लोक 128 केबीपीएसची एमपी3 ऐकतात, म्हणजे मिनिटाला जेमतेम 1 एमबी, आणि डिजिटलला नावं ठेवतात. सीडीवर तेच मिनिट 10 एमबी घेतं. फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता आवळलेली फाईल लावा, डोळ्यावर पट्टी बांधा, मग सांगा कुठली रेकॉर्ड आणि कुठली फाईल.

गावभागकर

रेकॉर्ड कुठली ते मी पहिल्या सेकंदात सांगेन. खरखरीवरून! 😄 गोडव्याचा मुद्दा माझा नव्हताच, तो तुम्हीच काढला आणि तुम्हीच झोडला. माझा मुद्दा मालकीचा होता. तिथेच या.

ऊसवाला

राव, तुमचं वाचून करमणूक झाली. कारखाना सुरू झाला की रात्री-अपरात्री दोन ट्रॉल्या जोडून निघायचं. गाणं नसलं तर डोळा लागतोय. मोबाइलच्या दुकानात पेनड्राइव्ह भरून मिळतोय, 16 जीबीत तीन हजार गाणी बसतात. कोण गायलंय ते आम्हाला बी ठाऊक नसतंय, '001 न्यू' असलं नाव असतंय. गेला तर दुसरा भरायचा. तुमची एलपी ट्रॅक्टरच्या हादऱ्यात एक फेरा वाजवून दाखवा, मग मालकीचं बोलू.

कृष्णाकाठची (कराड)

मालकी मालकी चाललंय म्हणून विचारते. या रेकॉर्डींचा मालक घरात कोण होता?

आमच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता. बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, कपाटाला किल्ली. आईला गाण्याची जाण वडिलांपेक्षा जास्त, भजनी मंडळात पेटी तीच वाजवायची. पण प्लेअरला हात लावायची सोय नव्हती. "सुई तुटेल, ओरखडा पडेल." वडिलांनी मित्रांना बोलावलं की मैफल, आणि आई चहाचे कप घेऊन दारापर्यंत. ती ऐकायची ते आकाशवाणी सांगली, स्वयंपाकघरातल्या ट्रान्झिस्टरवर, म्हणजे ते लावतील ते. आज ती मोबाइलवर नाट्यसंगीत लावून भाकऱ्या थापते, पीठ लागलेल्या बोटानं तेच पद मागे नेऊन पुन्हा ऐकते. आयुष्यात पहिल्यांदा 'काय ऐकायचं' हे ती ठरवते आहे. ते गाणं कायद्यानं तिच्या मालकीचं नाही, हे तिला समजावून सांगायला तुम्ही या कराडला.

गावभागकर

ताई, कपाटाला किल्ली लावली ती माणसानं. तबकडी बाई-पुरुष बघत नाही. ॲप बंद पडलं की आईंच्या हातात तरी काय राहणार?

कृष्णाकाठची (कराड)

दुसरं ॲप राहील. विंक बंद झालं तेव्हा तिनं भाच्याकडून दुसरं टाकून घेतलं, संध्याकाळपर्यंत गाणी सुरू. आणि तबकडी बघत नसेल, पण नाजूक आणि महाग वस्तू घरात कुणाच्या ताब्यात जाते ते मला नका सांगू. आजही नवी एलपी दीड-दोन हजारांच्या खाली सहसा मिळत नाही, वर प्लेअर, ॲम्प्लिफायर, स्पीकर. ही हौस परवडणाऱ्यांची आहे. असू द्या, पण तिला तत्त्वाचा मुलामा देऊ नका.

कॅसेटवाला (सातारा)

पोवई नाक्याच्या बाजूला माझं दुकान होतं, कॅसेट विकायचो आणि भरूनही द्यायचो. त्यामुळे आपल्याकडच्या 'मालकीची' आतली बाजू मला माहीत आहे.

गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी लिहून आणायचं. साठ मिनिटांची कोरी घ्यायची की नव्वदची, हा पहिला प्रश्न. नव्वदची फीत पातळ, स्वस्त डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, हमखास गुंतायची, पण गाणी जास्त बसतात म्हणून लोक तीच मागायचे. बाजू संपायला दोन मिनिटं उरली की तेवढ्यात बसेल असं गाणं शोधायचं, नाहीतर अर्ध्यात तुटायचं. भरून दिलेल्या कॅसेटवर हातानं नावं लिहून देणं हाही कामाचाच भाग होता. हे सगळं बेकायदा होतं, आता झाकून काय करायचंय? कुणाच्या घरात शंभर कॅसेट असतील तर त्यातल्या निम्म्या अशाच. त्या काही बिल घेऊन कमावलेल्या मालकीच्या नव्हत्या. ऊसवाल्या दादांचा पेनड्राइव्ह भरून देणारा माझाच वारसदार आहे.

पण दुसरी गोष्ट. तबकडी काढायला मोठी कंपनी लागायची, कॅसेट कुणीही काढू शकायचा. ऐंशी-नव्वदच्या दशकात पोवाडे, भारुडं, वगनाट्यं, गावोगावच्या देवांची गाणी, सगळं कॅसेटवर आलं. काढणारे छोटे लोक, हजार-पाचशे प्रती, त्याही जत्रेत खपायच्या. त्यातलं बरंचसं सीडीवर आलं नाही आणि ॲपवरही नाही. पलूसवाले म्हणतात सगळी फाईल मिळते. नाही मिळत. मी शोधलंय.

दुकान बंद करताना उरलेला माल भंगारात घातला. किलोवर. त्या वेळी मागणारं कुणी नव्हतं.

पलूसचा पेनड्राइव्ह

'सगळं मिळतं' हे गावभागकरांच्या भावाचं वाक्य, माझं नव्हे. उलट तुमच्या उदाहरणानं माझीच बाजू बळकट होते. त्या पोवाड्याची फाईल कुणी वेळेवर केली असती तर भंगारात गेलं तरी काही बिघडलं नसतं. वस्तू होती म्हणूनच ती किलोवर विकता आली.

तंबोरा_मिरज

आणि वस्तूच नसती तर फाईल कशाची केली असती? असो. कायद्याचं थोडं सांगतो, कारण यापुढे तेच आडवं येणार. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं. त्यामुळे 78च्या बहुतेक तबकड्यांचा मुद्रणहक्क संपलेला आहे. गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. खाँसाहेबांच्या तबकड्या बिनधास्त उतरवा आणि वाटा. कॅसेटवाल्यांचे पोवाडे मात्र अडकलेत. हक्क अजून जिवंत, पण तो ज्याच्याकडे आहे त्याचं दुकान कधीच उठलंय, पत्ता लागत नाही. जाहीरपणे नेटवर चढवायचं तर परवानगी मागायची कुणाकडे?

गावभागकर

इथे मात्र माझं म्हणणं टिकतं. ज्याच्या घरात ती कॅसेट आहे त्याच्याकडेच ते गाणं आहे, बाकी जगाकडे नाही. कपाट उघडून बघितलं. जोतिबाच्या आणि खंडोबाच्या गाण्यांच्या काही कॅसेट आहेत, कंपन्यांची नावं मी कधी ऐकलेलीही नाहीत. भावाला सांगितलं, यांना हात लावायचा नाही. पलूसकर, तुमच्या पद्धतीनं उतरवायच्या तर कशा?

पलूसचा पेनड्राइव्ह

आलात ना फाईलवर! एमपी3 करू नका, वेव्ह किंवा फ्लॅक करा. नोंदीची बारकाई 24 बिट ठेवा. खरखर काढायची असेल तर नकलेवर काढा, पहिल्या फाईलला हात लावू नका. कव्हरचे आणि कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका, साथीदारांची नावं फाईलच्या माहितीत भरा. म्हणजे तुमचा तबलजी पुढच्या पुरात वाहून जाणार नाही. एक प्रत सांगलीबाहेर. आणि हे झालं की कॅसेट द्या टाकून.

गावभागकर

टाकून देणार नाही.

पलूसचा पेनड्राइव्ह

मग पुढच्या जुलैत पोटमाळ्यावर चढवा.

कॅसेटवाला (सातारा)

भांडण नंतर करा, आधी डेक तपासा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या डेकचा रबरी बेल्ट चिकट होतो, त्यावर कॅसेट लावली की फीत चावलीच म्हणून समजा. फीत वाचणारं हेड स्पिरिटनं पुसा, फीत ओढणारा पिंच रोलरही. आधी एखादी फालतू कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजवून बघा. जोतिबाच्या कॅसेटचं प्लॅस्टिकचं कवच स्क्रू लावलेलं असेल तर उघडून आतली स्पंजची पट्टी जाग्यावर आहे का बघा, त्या काळच्या स्वस्त मालात ती गळून पडते आणि आवाज दबतो. चिकटवलेलं असेल तर उघडू नका, मला फोटो टाका.