पत्रीसरकारवाले खायचे काय?

लालबागचा_पोरगा:
आजोबा मूळचे वाळव्याकडचे, इथे गिरणीत होते. घरी पत्रीसरकार, म्हणजे साताऱ्याकडचं इंग्रजांविरुद्धचं भूमिगत प्रतिसरकार, म्हटलं की तेच ते, त्याचे पुढारी नाना पाटील आणि तळपायाला पत्रा ठोकायची शिक्षा. पण १९४३ ते ४६ एवढी वर्षं माणसं भूमिगत राहिली तर त्यांचा खर्च कोण भागवायचं? त्यात युद्ध, धान्यावर कंट्रोल, महागाई.

दादर_स्लो:
खजिना लुटला ना भाऊ. १४ एप्रिल १९४४, धुळ्याकडून नंदुरबारला निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ अडवला, साडेपाच लाख. पत्रीसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी दोघंही होते. त्याच्या आदल्या जूनमध्ये शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली. विषय संपला.

कुंडलची_लेक:
नाही संपत. नोटांनी हत्यारं येतात, भाकरी कोण थापणार? आमच्याकडे सांगतात, रात्री कडी वाजली की पणजी कोण आलंय ते विचारायची नाही, किती जण एवढंच विचारायची. आणि गाव उगाच नाही पोसत कुणाला, गावातच तंटे मिटवणाऱ्या न्यायदान मंडळामुळे कोर्टाच्या खेपा वाचल्या, गांधी लग्नामुळे, म्हणजे साध्या कमी खर्चाच्या लग्नामुळे, कर्ज वाचलं, सावकार नि काळाबाजारवाले वचकून होते, मग ज्याचं घर तगलं तो चार भाकऱ्या जास्त देणारच की.

दादर_स्लो:
सगळं राजीखुशीनं होतं असंही रंगवू नका. बंदूकवाला दारात आल्यावर नाही कोण म्हणणार.

कुंडलची_लेक:
तेही खरंय. पण नुसत्या धाकावर तीन वर्षं लपता येत नाही, एकानं जरी पोलिसात खबर दिली की खेळ खलास.

रिटायर्ड_कॅशियर:
बँकेत जन्म गेला म्हणून सांगतो, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये वालरावेन व्हान हॉल नावाच्या बँकरनं तर कमालच केली. १९४४ च्या सप्टेंबरात रेल्वेवाले संपावर गेले, साधारण ३०,००० घरं. त्यांना पैसे पोचवायचे म्हणून सरकारी रोख्यांच्या बनावट प्रती छापल्या, त्या नॅशनल बँकेत ठेवून खरे रोखे बाहेर काढले आणि वटवले! जर्मनांच्या नाकाखाली. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याला गोळ्या घातल्या, हॉलंडची सुटका अगदी तोंडावर आलेली.

लालबागचा_पोरगा:
काका 🙏 भारीच. आमची आत्या नव्वदीची आहे, वाळव्यालाच असते. उद्या फोन लावतो.

कुंडलची_लेक:
लाव लाव. शिवारात भाकऱ्या पोचवायला पोरांनाच धाडायचे म्हणे, तिनंही नेल्या असतील.