ज्याला देश मानत नाही, त्याच्याशी वाटाघाटी कशा करतात? (कोसोवो)

सायली_के

राज्यशास्त्रात एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष. प्रबंधासाठी कोसोवो घेतलंय, म्हणजे सर्बियापासून वेगळा झालेला अल्बेनियनबहुल प्रदेश. घटनाक्रम आता झोपेतही सांगेन: 1999 चा सुरक्षा परिषदेचा ठराव 1244 (कारभार संयुक्त राष्ट्रांकडे, सार्वभौमत्व मात्र तेव्हाच्या युगोस्लाव्हियाचं, म्हणजे पुढे सर्बियाचं), 2006 मध्ये व्हिएन्नात सुरू झालेली बोलणी, 17 फेब्रुवारी 2008 ची स्वातंत्र्याची घोषणा, पुढे ब्रुसेल्समध्ये युरोपीय संघाच्या मध्यस्थीने बोलणी. अडतंय ते भलतीकडेच. सर्बियाच्या लेखी कोसोवो हा त्यांचाच प्रांत. मग टेबलापलीकडे बसलेल्यांशी ते बोलले तरी काय? आणि शेवटी घोषणा एकतर्फीच व्हायची होती, तर एवढ्या फेऱ्या कशासाठी?

तिरका_बाण

ताई, उगाच खोलात जाऊ नका. अमेरिकेचं ठरलेलं होतं. जून 2007 मध्ये बुश अल्बेनियाच्या राजधानीत, तिरानात, उघड बोलून आले की कोसोवो स्वतंत्र व्हायला हवा. त्यानंतरची बोलणी म्हणजे लग्न ठरल्यावर पत्रिका जुळवणं.

निवृत्त_खाकी

बाणरावांचं अर्धं बरोबर आहे. मी 2006-07 मध्ये वर्षभर उत्तर कोसोवोतल्या मित्रोव्हित्सात होतो, संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांत. व्हिएन्नाच्या टेबलाशी माझा संबंध नव्हता. रस्त्यावरून जे दिसलं आणि निवृत्तीनंतर जे वाचलं, त्यावरून सांगतो.

माझ्याकडे दोन मोबाइल असत. इबार नदीच्या दक्षिणेला अल्बेनियन वस्ती, तिथला फोन मोनॅकोच्या 377 कोडवर चालायचा. हो, तेच कॅसिनोवालं मोनॅको. स्वतःचा कोड मिळायला आधी देश असावा लागतो, म्हणून उसना घेतलेला. पूल ओलांडून उत्तरेला सर्ब वस्तीत गेलं की दुसरा फोन, सर्बियाचा 381. काही मंडळी पुलाच्या अलीकडे गाडी थांबवून नंबरप्लेट बदलत आणि मग पुढे जात. आम्ही अहवालात गावाचं नाव दोनदा लिहायचो, एकदा अल्बेनियन, एकदा सर्ब, मध्ये तिरकी रेघ मारून: स्केंदेराय/सर्बित्सा. ती रेघ विसरलात तर कागद परत यायचा. सुरुवातीला मला हा कारकुनी छळ वाटे.

आता तुमचा प्रश्न. बोलणी सुरू व्हायच्या आधीच, नोव्हेंबर 2005 मध्ये, संपर्क गटाने (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, रशिया) तीन दारं बंद केली होती. मार्च 1999 पूर्वीची स्थिती परत येणार नाही, फाळणी होणार नाही, कोसोवो दुसऱ्या कुठल्या देशात विलीन होणार नाही. उरलं काय ते तुम्हीच बघा. बेलग्रेडचं (म्हणजे सर्बियाच्या सरकारचं) घोषवाक्य होतं ‘स्वायत्ततेहून जास्त, स्वातंत्र्याहून कमी’. ऐकायला छान, पण प्रिस्टिनाला (म्हणजे कोसोवोच्या नेत्यांना) त्या ‘कमी’मध्ये काडीचा रस नव्हता.

संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ मार्टी आहतिसारी, फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष. त्यांनी मूळ भांडणाला सुरुवातीला हातच लावला नाही. फेब्रुवारी 2006 च्या पहिल्या फेरीचा विषय होता विकेंद्रीकरण. कुठली गावं कुठल्या नगरपालिकेत, सर्बबहुल नगरपालिकांना अधिकार किती, मठांभोवती संरक्षित क्षेत्र कुठपर्यंत, असलं सगळं. दोन्हीकडचे बडे नेते दर्जाच्या (देश की प्रांत, या) प्रश्नावर एकत्र बसले ते थेट 24 जुलैला, आणि आपापलं म्हणणं वाचून उठले. पण त्या बारीकसारीक बैठका वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. 120 जागांच्या विधानसभेत 10 सर्बांना आणि 10 इतर अल्पसंख्याकांना राखीव, हे आज कोसोवोच्या राज्यघटनेत आहे. ते आलं आहतिसारींच्या मसुद्यातून.

मसुदा काढून वाचाच. आत ध्वज आहे, राष्ट्रगीत आहे, करार करण्याचा अधिकार आहे, फक्त ‘स्वातंत्र्य’ हा शब्द नाही! तो त्यांनी मार्च 2007 च्या वेगळ्या अहवालात घातला: देखरेखीखालचं स्वातंत्र्य. म्हातारा पक्का होता.

फेऱ्या का? कारण दोघांच्याही खिशात हुकमाचं पान होतं. बेलग्रेडकडे रशियाचा नकाराधिकार, प्रिस्टिनाकडे अमेरिकेचा शब्द. न हललं तर नुकसान कोणाचंच नाही. सर्बियाने तर बोलणी चालू असतानाच, 2006 च्या शरद ऋतूत, नव्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात कोसोवो हा आपला अविभाज्य भाग असं लिहून टाकलं. म्हणजे त्यांच्या शिष्टमंडळाला सोडायचं म्हटलं तरी सोडता येईना.

शेवटचे 120 दिवस युरोपीय संघ, अमेरिका आणि रशिया या त्रयीने घेतले. अमेरिकेतर्फे फ्रँक विझनर, जे नव्वदच्या दशकात दिल्लीत राजदूत होते. युरोपतर्फे इशिंगर, जर्मन माणूस. त्यांनी 1972 च्या दोन जर्मनींच्या कराराचा दाखला काढला: मान्यतेचा विषय सोडा, शेजाऱ्यासारखे वागायला लागा. तेव्हा कोणी ऐकलं नाही. 10 डिसेंबर 2007 ला मुदत संपली.

प्रिस्टिनाच्या भिंतीभिंतीवर तेव्हा रंगवलेलं असे, ‘वाटाघाटी नकोत, स्वयंनिर्णय हवा’. ते रंगवणाऱ्या संघटनेचे नेते अल्बिन कुर्ती पुढे पंतप्रधान झाले आणि ब्रुसेल्सला वाटाघाटींना बसले. असो.

वकिली_बाणा

एक भर घालतो, कारण प्रबंधात इथे हमखास चूक होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 22 जुलै 2010 रोजी ‘कोसोवो देश आहे’ असं म्हटलेलं नाही. सर्बियाच्या पुढाकाराने आमसभेने विचारलं होतं एवढंच, की ही घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून आहे का. न्यायालय 10 विरुद्ध 4 मतांनी म्हणालं, घोषणेने कायद्याचा भंग झालेला नाही. वेगळं होण्याचा हक्क आहे का, याला त्यांनी हातही लावला नाही. अरुंद प्रश्न विचारून सर्बियाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं माझं मत.

सायली_के

काका, मनापासून आभार. मसुद्यात तो शब्द नाही हे माझ्या नजरेतून सुटलंच होतं. आणखी एक विचारू? 2012 नंतरच्या कागदांवर ‘कोसोवो’पुढे चांदणी दिसते. ती काय भानगड?

निवृत्त_खाकी

विचारा की, निवृत्त माणसाला काय काम.

फेब्रुवारी 2012 मध्ये ठरलं की प्रादेशिक बैठकांत कोसोवोच्या पाटीवर नुसतं ‘कोसोवो’ लिहायचं, प्रजासत्ताक नाही, आणि पुढे चांदणी. चांदणीची तळटीप अशी, की या नावाने दर्जाबाबतच्या कोणाच्याही भूमिकेला बाधा येत नाही आणि ते ठराव 1244 शी व न्यायालयाच्या मताशी सुसंगत आहे. ठराव 1244 बेलग्रेडला प्रिय, न्यायालयाचं मत प्रिस्टिनाला. एकाच वाक्यात दोघांची सोय. हे वाचलं तेव्हा मला आमची तिरकी रेघ आठवली.

ती रेघ पुढे खुद्द करारातच अवतरली. 19 एप्रिल 2013 चा ब्रुसेल्स करार, कोसोवोचे पंतप्रधान थाची आणि सर्बियाचे पंतप्रधान दाचिच यांचा, मध्यस्थ युरोपीय संघाच्या कॅथरीन अ‍ॅश्टन. एकूण 15 कलमं. त्यात सर्बबहुल नगरपालिकांची ‘संघटना/समुदाय’ स्थापायची असं छापलंय, रेघेसकट! प्रिस्टिनाने ‘संघटना’ वाचलं, म्हणजे नगरपालिकांची नेहमीसारखी परिषद. बेलग्रेडने ‘समुदाय’ वाचला, म्हणजे अधिकार असलेली संस्था. दहा वर्षं उलटून गेली, ती उभीच राहिली नाही. तेव्हा प्रबंधात दोन्ही बाजू लिहा. रेघेमुळे सह्या होतात, आणि त्याच रेघेत काम अडकून बसतं. 2023 मध्ये ओह्रिडच्या बोलण्यांत तर सर्बियाचे राष्ट्राध्यक्ष वुचिच यांनी सहीसुद्धा केली नाही.

फोनचं मात्र निभावलं. डिसेंबर 2016 मध्ये 383 हा कोड मिळाला. बेलग्रेड म्हणतं तो एका भौगोलिक प्रदेशाचा, प्रिस्टिना म्हणते देशाचा. मित्रोव्हित्सातला माझा तेव्हाचा दुभाषा अजून नवीन वर्षाला फोन करतो. पहिल्यांदा 383 दिसला तेव्हा फसवणुकीचा कॉल समजून मी उचललाच नव्हता.