आईल ऑफ वाइट : तीन दिवस, आईचे गुडघे आणि सात वर्षांचा लेक – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. आईबाबा साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आले आहेत. मेअखेरीस लेकाला हाफ टर्मची सुट्टी आहे, तेव्हा दोन रात्री आईल ऑफ वाइटला, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या बेटावर, जायचं म्हणतोय. पाच जण आहोत, गाडी घरची.

मुख्य अडचण आईच्या गुडघ्यांची. सपाटीवर ती अर्धा तास चालते, पण उतरताना कठडा धरून आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा, असं करावं लागतं. मागच्या खेपेला डेव्हनला 'समुद्रापासून पाच मिनिटं' वाचून घर घेतलं. ती पाच मिनिटं म्हणजे सगळा उतार आणि शेवटी दगडी पायऱ्या. आई वरच्या बाकावर आमच्या चपला सांभाळत बसून राहिली. "मला इथूनही छान दिसतंय गं," म्हणाली. ते अजून मनातून जात नाही. यंदा तिचे पाय पाण्यात भिजलेच पाहिजेत.

मुक्काम बेटावरच्या सँडाउनला करावा की शँकलिनला? शँकलिन गाव कड्यावर आणि किनारा खाली, मध्ये लिफ्ट आहे. ती लिफ्ट मेमध्ये रोज चालू असते का? की खाली एस्प्लनेडवरच (समुद्राकाठच्या रस्त्यावर) जागा बघू? स्वयंपाकघर हवंच, आईनं भाजणी आणली आहे आणि बाबांना सकाळी सातला गरम काहीतरी लागतं.

दुसरं, पोर्ट्समथहून बेटावरच्या फिशबोर्नला गाडीची फेरी पाऊण तासाची, पण सुट्टीत भाडं फार चढतं. गाडी पोर्ट्समथमधल्याच साउथसीला ठेवून हॉवरक्राफ्टनं (हवेच्या गादीवर पाण्यावरून जाणारं वाहन) दहा मिनिटांत बेटावरच्या राइड गावी पोचता येतं, आणि लेकानं तोच हट्ट धरलाय. पण पुढे बसनं फिरणं आईला झेपेल?

बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे ऑस्बर्न हाउस, व्हिक्टोरिया राणीचा बेटावरचा वाडा, ठरलेलंच. राणी १९०१ साली तिथेच वारली. तिथला दरबार हॉल लाहोरच्या भाई राम सिंग यांनी घडवला, हे बाबांनी लेकाला दोनदा सांगून झालंय. अर्धा दिवस पुरेल का?

आणि नीडल्स, बेटाच्या पश्चिम टोकाचे समुद्रातले सुळके. तिथल्याच अलम बे किनाऱ्याची रंगीत वाळू बघायला खाली जायचं तर पायऱ्या नाहीतर चेअरलिफ्ट. कुणी वयस्कर माणसाला त्या खुर्चीत बसवलंय का?

प्रतिसाद १

ताई, आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. गाडी न्याच. बेट लहान वाटतं, पण सँडाउनहून नीडल्सला गाडीनंही पाऊण तास जातो, बसला त्याहून खूप जास्त. सँडाउनलाच राहा, समुद्राकाठचा रस्ता सपाट आहे. लिफ्टच्या भरवशावर घर घेऊ नका.

चेअरलिफ्टची खुर्ची चालती असते, पटकन बसावं लागतं. सासूबाईंनी नको म्हटलं. वरच्या बाजूनं नीडल्सचे तिन्ही पांढरे सुळके आणि दीपगृह छान दिसतात, तिथे थर्मासमधला चहा घेऊन बसलो. ऑस्बर्नला अर्धा दिवस लागतोच. दरबार हॉल तळमजल्यावर आहे, काळजी नको.

एक मात्र नक्की करा, भरती-ओहोटीच्या वेळा बघून दिवस आखा. ओहोटीला वाळूतून बरंच चालावं लागतं, राइडला तर समुद्र फारच लांब जातो. आईंना भरतीच्या सुमारास न्या. आणि लेकाला ओहोटी लागली की सँडाउनच्या शेजारी यावरलँडला. तिथे डायनासोरच्या काळातले जीवाश्म सापडतात.

धागाकर्ती

खूप खूप आभार! भरतीचं डोक्यातच आलं नव्हतं. आता सँडाउनलाच घर बघते. आईसाठी घडीची खुर्ची नेली तर ओल्या वाळूत पाय रुततात का हो तिचे? की रुंद पायांची वेगळी मिळते?