नाव काढलं की आरोग्याचा डेटा सेफ होतो का?

निशाचर: सरकारी खाती म्हणतात आम्ही पेशंटचा डेटा रिसर्चला देताना नाव-पत्ता काढतो, मग काळजी कसली. पण जन्मतारीख, पिनकोड तसंच ठेवलं तर माणूस ओळखता येत नाही का?

जुनंखोड: येतो की! १९९७ च्या सुमारास अमेरिकेत लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा बिननावाचा हॉस्पिटल डेटा घेतला, शेजारी मतदार यादी ठेवली, जन्मतारीख, लिंग आणि झिपकोड (तिकडचा पिनकोड) जुळवला आणि थेट त्या राज्याचे गव्हर्नर वेल्डसाहेब यांचीच फाईल काढली 😄

अबोली: ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये साधारण १०% लोकांचे मेडिकल क्लेम ऑनलाइन टाकले, मेलबर्न विद्यापीठाच्या लोकांनी डॉक्टरांची ओळख लपवणारे कोड फोडल्यावर काढून घेतले. पण एकदा डाउनलोड झालेलं परत कसं आणणार?

निशाचर: मग द्यायचाच नाही का डेटा? साथ आली तर कळणार कसं?

जुनंखोड: द्यावा ना, पण जन्मतारखेऐवजी वयोगट, पिनकोडचे पहिले २-३ आकडे बास. आणि फाईल कोणी उघडली त्याचा लॉग म्हणजे नोंद हवीच, कारण सगळे हॅकरच्या नावाने खडे फोडतात पण सिंगापूरची एचआयव्ही यादी २०१९ ला फुटली तो आतल्याच माणसाच्या अ‍ॅक्सेसचा प्रताप होता.