मदत हवी आहे: यूएन ड्रमच्या बुचाचं वायसर बदललं तर चालतं का? (कंटेनर परवा भरायचाय)

नमस्कार मंडळी, केमिकलच्या पॅकिंगमधलं कुणाला कळत असेल तर प्लीज वाचा, घाईत आहे म्हणून सगळं एकदमच टाइप करतेय.

मी तारापूरला एका छोट्या कंपनीत एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते, मूळची कॉमर्सची, केमिस्ट्रीशी संबंध दहावीनंतर तुटला. आमचं क्लीनिंग सॉल्व्हंट जातं बाहेर, एमईके (मिथाइल इथाइल किटोन) आणि ॲसिटोनचं मिश्रण, यूएन १९९३, क्लास ३ (ज्वलनशील द्रव), पॅकिंग ग्रुप २ (मध्यम धोका). २०० लिटरचे लोखंडी यूएन ड्रम (धोकादायक मालासाठी टेस्ट होऊन सर्टिफिकेट मिळालेले), वर दोन बुचं, एक दोन इंची आणि एक पाऊण इंची. ड्रमवर यूएनच्या गोलाशेजारी १ए१/वाय१.४/१५०/२५/आयएनडी असं छापलंय. ८० ड्रम, वीस फुटी कंटेनर, परवा आमच्याकडेच स्टफिंग (कंटेनर भरणं) आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी न्हावाशेवा बंदराचा कटऑफ.

तर झालं असं की क्यूसीने (क्वालिटी तपासणाऱ्यांनी) सॅम्पलिंगला सगळे ड्रम उघडले (कस्टमरची अट आहे, ८० च्या ८०), परत लावताना १२ ड्रमांच्या मोठ्या बुचांची वायसरं कापली गेलेली दिसली. मूळची ईपीडीएमची (एक प्रकारचं रबर) आहेत असं ड्रमवाल्याच्या कागदावर आहे. स्टोअरचे काका दुपारी बोईसरला जाऊन त्याच मापाची काळी वायसरं घेऊन आले, दुकानदार म्हणाला नायट्राइल रबराची आहेत, ऑइललाइनला सगळे हीच वापरतात. बसली पण मस्त. मी म्हटलं सर्टिफिकेट तर ड्रमचं आहे, वायसर बदललं तर ते लागू होतं का, तर साहेब म्हणाले अगं रुपयाचं वायसर, ड्रम तोच आहे ना, आणि एवढंच वाटत असेल तर व्हायटॉन रबराची मागव, ती महाग असतात म्हणजे चांगलीच असणार.

डीजी डिक्लेरेशनवर (धोकादायक मालाच्या घोषणापत्रावर) सही माझी असते हो, त्यामुळे झोप उडालीय. नायट्राइल चालेल का? नाहीतर व्हायटॉन? की काहीच नाही? आगाऊ धन्यवाद.

लोटेकर:
ताई, सही करू नका. अठरा वर्षं याच धंद्यात घालवली, हा रुपयाच्या वायसरचा डायलॉग दर दोन वर्षांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकतोच.

सर्टिफिकेट रिकाम्या पत्र्याचं नसतं, बुचं, वायसरं लावून बंद केलेल्या ड्रमचं असतं. वाय म्हणजे पॅकिंग ग्रुप २ साठी ड्रम किमान १.२ मीटरवरून टाकतात, आणि दोन खेपांत टाकतात, आधी तीन ड्रम तिरपे कडेवर आणि मग दुसऱ्या खेपेला वेगळे तीन ड्रम त्यांच्या सगळ्यात कच्च्या जागेवर, उदाहरणार्थ बुचावर. वर २० किलोपास्कल हवा भरून गळती बघतात. तुमच्या मार्किंगमधले १५० म्हणजे पाण्याच्या दाबाची टेस्ट, तीही बुचं लावूनच. आता यातलं काय काय त्या बोईसरच्या वायसराने पास केलंय ते साहेबांना विचारा.

आयएमडीजी कोड (जहाजाने धोकादायक माल पाठवायचे नियम) असेल ऑफिसात तर ६.१.१.५ काढा. बुचं कोणती, माप काय, गॅस्केट (म्हणजे हे वायसर) कोणतं, बंद कसं करायचं हे ड्रम बनवणाऱ्याने लिहून द्यायचं असतं. तो तुमच्याकडचा कागद म्हणजे हेच, शोभेला नाही दिलेला. आणि मग ४.१.१.२ बघा, मालाला टेकणारा पॅकिंगचा कुठलाही भाग त्या मालाने खराब होता कामा नये.

बरणी_बंद:
लोटेकरांना +१. मटेरियलचं मी सांगतो, रबराच्या कंपाउंडिंगमध्ये आहे. नायट्राइल तेलाला, डिझेलला झकास, म्हणून ऑइललाइनवाले वापरतात, त्यात दुकानदार खोटं बोलला नाही. पण एमईके आणि ॲसिटोन हे किटोन जातीचे सॉल्व्हंट, त्यात नायट्राइल फुगतं आणि मऊ पडतं. गंमत म्हणजे व्हायटॉनसुद्धा! पेट्रोल, टोल्यूनला व्हायटॉन राजा आहे, किटोनमध्ये त्याची पार वाट लागते. तिथे साधं ईपीडीएम बरं. तेच ईपीडीएम टोल्यूनमध्ये टाका, फुगून बसेल. म्हणजे महाग म्हणून चांगलं हा हिशोब इथे चालतच नाही, कशासाठी चांगलं ते बघायचं.

साहेबांना पटवायचं असेल तर क्यूसीला सांगा, फ्यूम हूडमध्ये दोन काचेच्या बरण्या, दोन्हीत तुमचंच सॉल्व्हंट, एकीत जुनं ईपीडीएम आणि दुसरीत काळं. झाकण लावून रात्रभर ठेवा, सकाळी व्हर्निअर लावून जाडी मोजा. पण हे फक्त साहेबांसाठी हं, याने सर्टिफिकेट मिळत नाही.

ह्यूस्टनवासी:
अमेरिकेत पण हेच आहे, ४९ सीएफआर (सरकारी नियमांचं पुस्तक) १७३.२२ प्रमाणे माल पाठवणाऱ्याने उत्पादकाच्या क्लोजर इन्स्ट्रक्शनप्रमाणेच बंद करायचं. आमच्याकडे तर खोक्याची चिकटपट्टी बदलली तरी पॅकिंग इंजिनिअर डोक्यावर बसतो, कारण टेस्ट त्या पट्टीवर झालेली असते.

धागाकर्ती:
बापरे, एवढं असेल वाटलं नव्हतं. मग नवीन वायसर सर्टिफाय करून घ्यायला किती वेळ लागतो? अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये होतं ना?

लोटेकर:
होतं, पण परवासाठी त्याचा उपयोग नाही आणि तुम्हाला गरजही नाही. सरळ ड्रमवाल्याला फोन करा, १२ बुचं वायसरांसकट मागवा, नुसती वायसरं नको. त्याच्याकडे तेच वायसर नसेल तर विचारा की या डिझाइनच्या टेस्ट रिपोर्टमध्ये दुसरं कुठलं गॅस्केट आहे का, कधीकधी एकाच रिपोर्टात दोन-तीन मटेरियल असतात. असेल तर ते लेखी घ्या, फोनवरचं हो हो धरू नका. तेही नाही जमलं तर ६८ पाठवा, १२ मागे ठेवा.

धागाकर्ती:
अपडेट देते. सकाळी बरणीतलं काळं वायसर एवढं फुगलं होतं की बुचावर बसेचना, चिमट्यात धरलं तर लोंबलं. ईपीडीएम जवळजवळ तसंच. साहेब दोन मिनिटं बघत राहिले आणि मग स्वतःच ड्रमवाल्याला फोन लावला, बुचं संध्याकाळी वापीहून टेम्पोने येतायत 🙏

आता एक शेवटची शंका, बाकी ६८ ड्रमांची वायसरं दिसायला ठीक आहेत. आमच्या क्यूसीचा मुलगा पान्याने बुचं लावतो, चांगला दणकट गडी आहे, हात दुखेपर्यंत आवळतो, म्हणजे ते तर पक्के असतील ना?

लोटेकर:
तुमच्या त्या कागदावर टॉर्कचा (बूच किती जोराने आवळायचं त्याचा) आकडा असेल, तो वाचलात का? आणि ती १२ वायसरं कापली कशी गेली असं वाटतं तुम्हाला?

धागाकर्ती:
अरे देवा. कागदावर आकडा आहे. टॉर्क रेंच नाही. शेजारच्या कंपनीत बघते आहे का.