मदत हवी आहे: आत्याच्या ओव्या रेकॉर्ड करायच्यात, हार्डवेअर कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं मशीन) घेऊ की प्लगिनवर (तेच काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) भागेल?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा.

माझी आत्या ७६ वर्षांची, जुन्नरकडे गावी असते. तिला जात्यावरच्या ओव्या अजून येतात, किती ते तिलाही सांगता येत नाही कारण खुंट्याला हात लावल्याशिवाय पुढची ओळ आठवतच नाही, म्हणून मी जातंच उचलून पुण्याला माझ्या खोलीत आणलंय. सेटअप साधा आहे, स्कारलेट २आय२ (माइक कॉम्प्युटरला जोडणारा इंटरफेस), तोंडासमोर कंडेन्सर माइक, जात्यापाशी एसएम५७ माइक, आणि रेकॉर्डिंगला रीपर सॉफ्टवेअर.

अडचण अशी की ती सुरुवातीला अगदी पुटपुटते आणि भावाचं नाव आलं की आवाज एकदम मोकळा सोडते. मागच्या वेळी दोन ओव्या क्लिप झाल्या, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटला. परत म्हण म्हटलं तर म्हणाली, पण तशी नाही आली. ते माझ्या फार मनाला लागलंय.

मग कॉम्प्रेसरचं प्लगिन लावून तिला हेडफोन दिला, बफर ५१२ होता म्हणून आवाज जरा उशिरा ऐकू येत होता, तर ती थांबलीच, म्हणाली माझ्यामागनं कोण म्हणतंय. डायरेक्ट मॉनिटर (कॉम्प्युटरमधून न जाता थेट आवाज) चालू केलं तेव्हा परत गायला लागली.

आता ओळखीतले एक स्टुडिओवाले काका म्हणतात एलए-२ए (जुना नावाजलेला कॉम्प्रेसर) टाइपचं खरं मशीन घे आणि रेकॉर्डिंग करतानाच लाव, प्लगिनमध्ये ती ऊब नाही. बजेट ६० हजार आहे, त्यात त्याची नक्कल, म्हणजे क्लोनच येईल. न्यू जर्सीचा मामेभाऊ सेकंडहँड आणतो म्हणतोय पण ते तिकडच्या १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. आत्या तुळशीच्या लग्नानंतर येणार आहे, त्याआधी ठरवायचंय. कोणी दोन्ही वापरलंय का?

---

उत्तर १:

दादा, मी दोन्ही वापरलंय. आधी एक सांगते, एलए-२ए तुमचं क्लिपिंग वाचवणार नाही. त्यात आवाजाबरोबर एक दिवा उजळतो आणि त्याच्या उजेडाने समोरचा फोटोरेझिस्टर लेव्हल खाली आणतो, याला साधारण १० मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात आत्यांचा तो पहिला जोर निघून गेलेला असतो. ११७६ हा दुसरा कॉम्प्रेसर त्या मानाने खूपच चपळ, सगळ्यात फास्ट अटॅक (आवाज दाबायला लागणारा वेळ) २० मायक्रोसेकंद, पण घरी ते आणून चुकीचं सेटिंग लागलं तर ओवी कायमची दबलेली राहील, अनडू नाही.

टेपच्या काळात आधी दाबून घ्यायला कारण होतं, हळू आवाज टेपच्या खरखरीत बुडायचा. तुम्ही २४ बिटवर घेताय ना? त्यात तशी खरखर नसते, मग गेन (इंटरफेसवरची माइकची पातळी) सरळ खाली घ्या, मोठ्यात मोठी ओळ मीटरवर मायनस १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, पुटपुटणं नंतर प्लगिनने, नाहीतर हातानेच व्हॉल्यूम ऑटोमेशन करून (ओळीओळीला आवाज कमी-जास्त करून) वर आणा. एलए-२ए ची एम्युलेशनं (त्याची नक्कल करणारी प्लगिनं) आता इतकी चांगली आहेत की ओवीसारख्या एकट्या आवाजावर मला तरी फरक सांगता येत नाही. ऊब हवी असेल तर आधी खोली बघा. फरशी आणि उघड्या भिंती असतील तर तो खणखणाट कुठल्याच मशीनने जाणार नाही, आणि कॉम्प्रेसर लावला की उलट तोच वर येतो. रॉकवूलचे ४ इंची पॅनल सुताराकडून करून घ्या, जात्याखाली जाड गोधडी, पंखा बंद. उरलेल्या पैशात वाटलं तर माइक बदला.

---

धागाकर्ता:

ताई, खूप आभार. तो १० मिलिसेकंदांचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता. मशीन रद्द, भावाला कळवलं. पॅनलचं माप काढतोय, खोली १० बाय ११ आहे. आता एकच विचारतो, जात्याची घरघर आत्याच्या माइकमध्ये पण येते, ती लो-कटने (खालचे जाड सूर कापणाऱ्या फिल्टरने) काढू का? मला ती पूर्ण घालवायची नाहीये, तिच्याशिवाय ओवी अर्धी वाटते.

---

उत्तर १:

काढू नका. रेकॉर्ड करताना लो-कट बंदच ठेवा, नंतर फक्त आवाजाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या आसपास लावून ऐका, आवडलं नाही तर एका क्लिकवर बंद. आणि कंडेन्सर कार्डिऑइड (समोरचं जास्त, पाठीमागचं कमी ऐकणारा) असेल तर त्याची पाठ जात्याकडे येईल असा खालून, तोंड वर आत्यांकडे करून लावा.