वरचा पुढचा दात, एकच इम्प्लांट: हिरडी नीट दिसेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय ३६, शाळेत मराठी शिकवते. आठवीत असताना कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर पडले आणि वरच्या मधल्या दोन दातांपैकी उजव्याला मार बसला. रूट कॅनाल झालं, कॅप बसली, इतकी वर्षं निभावली. यंदा दिवाळीत चकली तोडताना आतून काहीतरी कट्कन वाजलं. मिरजेत स्कॅन केला, तर मूळ उभं चिरलंय. दात काढावाच लागेल. शेजारचे दोन्ही दात ठणठणीत आहेत, ब्रिजसाठी ते घासायला माझं मन तयार नाही. म्हणून इम्प्लांट, म्हणजे हाडात धातूचा खुंट बसवून त्यावर कॅप.

भीती दाताची नाही, हिरडीची आहे. मी हसले की वरची हिरडी चांगली दिसते. आमच्या नात्यातल्या एका ताईंचा असाच दात बसवलाय. कॅप सुरेख आहे, पण शेजारच्या दातापेक्षा लांब दिसते, हिरडीच्या कडेला राखाडी छटा आहे आणि दोन दातांच्या मधे वर काळी त्रिकोणी फट. त्या आता हसताना तोंडावर हात धरतात. पूर्वी किती खळखळून हसायच्या!

दोन डॉक्टरांची दोन मतं. एक म्हणतात, दात काढून त्याच बैठकीत इम्प्लांट बसवू. दुसरे म्हणतात, दात काढून ६ ते ८ आठवडे हिरडी भरू द्यायची, मग हाडाची पूड घालून इम्प्लांट. ओठाकडची हाडाची भिंत चिरेपाशी खचली आहे, हे मात्र दोघांनाही मान्य. कुणाचं ऐकू? आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद:

ताई, मी डॉक्टर नाही. साताऱ्यात डेंटल लॅबमध्ये कॅप बनवतो, त्यामुळे या कामाची शेवटची बाजू रोज बघतो. दात आम्ही हवा तसा घडवू शकतो, हिरडी नाही घडवता येत.

पुढच्या दाताची ओठाकडची भिंत बहुतेकांची १ मिलिमीटरहूनही पातळ असते. ती मुळाच्या आधाराने टिकलेली असते, दात गेला की झिजते आणि हिरडी तिच्या मागोमाग वर सरकते. भिंत शाबूत आणि हिरडी जाड असेल तर लगेच बसवलेला इम्प्लांटही छान दिसतो. तुमची भिंत खचलेली आहे, म्हणून मला थांबण्याचं मत पटतं.

विचारायचं ते जागेबद्दल विचारा. इम्प्लांटच्या ओठाकडे साधारण २ मिलिमीटर हाड राहील का? शेजारच्या मुळांपासून दीड मिलिमीटर अंतर आहे का? कॅप घट्ट करायच्या स्क्रूचं छिद्र दाताच्या आतल्या बाजूला येईल का? इम्प्लांट ओठाकडे झुकला की कॅप लांब करण्यावाचून आमच्याकडे उपाय उरत नाही. तुमच्या त्या ताईंचं बहुधा हेच झालं असावं.

काळी फट शेजारच्या दाताच्या हाडावर ठरते. टार्नो नावाच्या दंतवैद्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये नैसर्गिक दातांवर मोजलं होतं: दोन दात जिथे टेकतात तिथपासून हाडापर्यंत ५ मिलिमीटर किंवा कमी अंतर असेल, तर मधली हिरडी जवळजवळ नेहमी भरलेली दिसते. ६ झालं की साधारण निम्म्या वेळाच. थोडी चौकोनी कॅप करून टेकण्याची जागा आम्ही हिरडीकडे नेऊ शकतो, पण थोडीच.

पातळ हिरडीतून इम्प्लांटच्या टायटॅनियम धातूची सावली दिसते. इम्प्लांट आणि कॅप यांच्या मधला जिरकोनियाचा (पांढऱ्या सिरॅमिकचा) जोड आणि टाळूतून घेतलेला हिरडीचा तुकडा, दोन्हींबद्दल विचारा.

तात्पुरती कॅप काही महिने ठेवाच. तिच्या आकारावर हिरडी बसते, आणि त्या बसलेल्या हिरडीचं माप घेऊन पक्की कॅप बनते. इथे घाई केलेली कामं मी परत आलेली पाहिली आहेत. आणि रंग जुळवायला सकाळच्या उजेडात, लिपस्टिक न लावता, आल्या आल्याच बसा. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकून पांढरे दिसतात.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. दोन दिवस झोप नव्हती. उद्याच स्कॅन घेऊन जाते. एकच विचारते, दात काढल्यापासून तात्पुरती कॅप बसेपर्यंत वर्गात काय घालून जाऊ? काढता-घालता दात चालेल?

प्रतिसाद:

चालेल, पण त्याची प्लेट जखमेवर दाबायला नको. शेजारच्या दातांना मागून चिकटवलेला दात जास्त बरा. बोलायलाही सोपा, तुम्हाला तर दिवसभर शिकवायचंय.